जाब विचारण्याचा अधिकार

निवडणूक जवळ आली म्हणजे नगरसेवकास जाब विचारण्याची भाषा शहरात फार ऐकू येते. आमच्या अहिल्यानगरातही महापालिकेच्या १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापूर्वी ती चौकाचौकांतून ऐकू येत होती. असा जाब विचारण्याचा मतदारास अधिकार आहे, याविषयी मतभेद नाही. परंतु हा अधिकार कशातून उत्पन्न होतो आणि कशाने नष्ट होतो, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम येथे घडलेलेच एक उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत एकंदर ६८ जागांपैकी शिवसेनेस २४, राष्ट्रवादी काँग्रेसला १८ व भारतीय जनता पक्षास १४ जागा मिळाल्या. तथापि महापौर झाले ते तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचे बाबासाहेब वाकळे. कारण राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी आपली मते त्यांच्या पारड्यात टाकली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये पक्षाने या १८ जणांची हकालपट्टी केली. म्हणजे जाब विचारला तो पक्षाने! ज्यांनी मते दिली त्या नागरिकांस मात्र पुढील निवडणुकीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. स्थानिक प्राधिकरणांतील पक्षांतरास आळा घालणारा १९८६ चा कायदाही पक्ष सोडला काय किंवा पक्षाचा आदेश मोडला काय, हे पाहतो. मतदारास दिलेला शब्द मोडला की नाही, हे पाहत नाही.

यावर कोणी म्हणेल की, प्रतिनिधी हा मतदारांचा सांगकाम्या नव्हे. त्याने आपल्या विवेकास अनुसरून वागावे. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे हेच मत मांडले होते, आणि ते आम्हांस बव्हंशी मान्य आहे. परंतु बर्कचे नाव घेणारे दोन गोष्टी विसरतात. त्याने हे मत मतदारांच्या तोंडावर सांगितले; आणि १७८० मध्ये मतदारांची नाराजी दिसून येताच त्याने तेथील उमेदवारी मागे घेतली. विवेकाचे स्वातंत्र्य ज्यास हवे, त्याने आपल्या कृत्याची कारणे उघडपणे सांगितली पाहिजेत. स्वातंत्र्य आणि हिशेब यांत विरोध नाही. विरोध आहे तो मौन आणि हिशेब यांत.

मौन बाळगण्याची सोय आमच्या व्यवस्थेने पुष्कळच करून ठेविली आहे. ६८ नगरसेवक १७ प्रभागांतून, एकेका प्रभागात चार याप्रमाणे निवडले जातात. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणास विचारावे? बारभाईच्या शेतीत काय हाती लागते, हे आमच्या पूर्वजांनी सांगून ठेविलेच आहे. त्यातून मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी, अशी राज्यघटनेची स्पष्ट आज्ञा असता, डिसेंबर २०२३ मध्ये मुदत संपल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिले. जाब विचारावयाचा तर ज्यास विचारावा असा मनुष्यच नाही, अशी ही स्थिती होती.

परंतु सगळा दोष व्यवस्थेच्या माथी मारून आम्हांस सुटता येणार नाही. आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे येथे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मुळा धरणाचे पाणी आमच्या गल्लीत नीट पोचत नव्हते. गल्लीतील सर्वांच्या सह्यांचा अर्ज करणे आम्हांस शक्य होते. लेखणी तर आमच्याच हातात होती. परंतु आम्ही एका नगरसेवकास एकट्यापुरता निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारी टँकर उभा राहिला. पुढे निवडणूक आली. ते गृहस्थ मते मागण्यास आले असता शेजारच्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "भाऊ, आमच्या नळाचं काय झालं?" त्यांनी हसून आमच्याकडे बोट दाखविले व म्हटले, "सरांनाच विचारा आजी, मी कामाचा माणूस आहे की नाही ते." आणि आम्ही मान हलविली.

त्या बाईंचा प्रश्न रास्त होता, आणि तो दडपला गेला तो आमच्या मानेने. मतासाठी पैसे घेणाऱ्यास आम्ही सुशिक्षित लोक नावे ठेवतो. पण आमचाही हिशेब एका टँकरात चुकता झालाच होता. किंबहुना आमचा दोष अधिक मोठा. ज्याच्या घरी खरोखरच पाण्याचा थेंब नाही, त्याने कोणाच्याही हातून पाणी घेतले तर त्यास कोण दोष देईल? आम्हांस थांबणे शक्य होते. जे सर्वांचे हक्काचे, ते आम्ही एकट्याने उपकार म्हणून स्वीकारले; आणि उपकृत मनुष्यास आभार मानता येतात, जाब विचारता येत नाही.

सबब, आमच्या मते जाब विचारण्याचा अधिकार मतपत्रिकेने मिळत असला, तरी तो टिकतो तो आपण पाच वर्षे काय मागतो यावर. मागणे सर्वांसाठी असावे, उघड असावे आणि शक्य तर लेखी असावे. मग मतदानाच्या आदल्या आठवड्यात मोठ्याने बोलण्याची गरज पडणार नाही.

त्या बाईंचा नळ अजून धड चालत नाही. यंदाचा पहिला अर्ज आम्ही त्यांच्या नावाने लिहिला आहे. त्याखाली गल्लीतील सर्वांच्या सह्या आहेत, आणि आमची सही शेवटची आहे.