बालापराध आणि प्रायश्चित्त

उंब्रजला मारुतीच्या देवळात आमचे कीर्तन आटोपले. मंडळी बुक्का लावून उठू लागली, तोच एका माळकरी बाबांनी आम्हांस अडविले. म्हणाले, "महाराज, दोन जिवांचं मोल 300 शब्दांचा निबंध असतंय व्हय?" आम्ही निरुत्तर झालो. खरे सांगावयाचे तर, ती वार्ता प्रथम ऐकली तेव्हा गळ्यात माळ असून आमच्याही तोंडी 'फाशी द्या' हेच आले होते.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यास कल्याणीनगरात 17 वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेल्याची ती वार्ता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. निबंध ही त्यातली एक अट. 2015 च्या कायद्याने 16 वर्षांवरील मुलास अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ समजून खटला चालविता येतो. पण पोलिसांची तशी मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली.

आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. न केलेल्या चोरीबद्दल राजाने त्यांस सुळावर दिले. कारण विचारता यमधर्म म्हणाला, 'लहानपणी तू किड्यांना काडी टोचलीस, त्याचे हे फळ.' ऋषींनी यमालाच शाप दिला आणि मर्यादा घातली, की 14 वर्षांपर्यंतचे कर्म पातक ठरू नये. बालकाला मोठ्याच्या मापाने मोजले म्हणून यमालाही विदुराचा जन्म घ्यावा लागला!

पण श्रोतेहो, हा मुलगा 14 चा नव्हता, आणि मेले ते किडे नव्हते. कोणा माउलीची लेकरे होती. मग सूळ द्यावा काय? नाही. सुळाने मेलेले उठत नाहीत, आणि सराइतांच्या संगतीत पोर सराईत होते. संगतीचा महिमा वारकऱ्यांस काय सांगावा? मात्र सुधारणा म्हणजे सुटका नव्हे. स्मृतिवचनात 16 वर्षांखालील बालकाला अर्धे प्रायश्चित्त सांगितले आहे. अर्धे, शून्य नव्हे.

शिवाय मोटारीची किल्ली पोराच्या हाती आली कोठून? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईबाप व डॉक्टरही धरले गेले. आरोप खरा ठरो वा खोटा, पण पोराची चूक झाकणारा वडीलधारा त्याचा सुधारण्याचा मार्गच बंद करतो. आणि दया दाखवायची, तर सायकल चोरणाऱ्या गरिबाच्या पोरालाही तीच मिळाली पाहिजे.

म्हणून बाबा, उत्तर ऐका. निबंध हे मोल नव्हे, फाशीही नव्हे. ज्या घरचा दिवा विझला त्या घरापुढे मान लवावी, आणि अपघातात मोडलेल्या माणसांची सेवा वर्षानुवर्षे करावी. हात झिजल्यावाचून मन धुतले जात नाही.