आळा

सुरतेच्या नवागामात घर पूर्ण बांधून झालं असं सहसा कुणी म्हणत नाही. गच्चीच्या कोपऱ्यांत सळयांचे झुबके वर काढून ठेवलेले असतात. थोरल्याचं लग्न ठरलं की सळया पुढे वाढतात आणि एक मजला चढतो. जिभाऊंच्या गच्चीवरही असे सहा झुबके होते. येत्या मे महिन्यात धाकट्याचं लग्न होतं, म्हणून त्यांच्या बायकोने वरच्या खोल्यांच्या फरशीचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

जिभाऊ मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. बहात्तरच्या दुष्काळात, पंधराव्या वर्षी, ताप्ती लाइनच्या गाडीने ते उधन्याला उतरले. आधी काही वर्षं लूमवर काढली. मग सळईकामात गेले आणि तिथेच राहिले. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातल्या किती खांबांत आपल्या हातच्या रिंगा आहेत, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

रिंग म्हणजे काय हे इथे सांगायला हवं, कारण घरात राहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. खांबात उभ्या सळया असतात. त्यांना ठरावीक अंतरावर बारीक सळईचा चौकोनी वेढा घालून तारेने बांधतात, तो वेढा म्हणजे रिंग. काँक्रीट ओतलं की ती कायमची गडप होते. घर दाखवताना लोक फरशी दाखवतात, देवघर दाखवतात. मला विचाराल तर घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ती रिंग आहे.

जिभाऊंच्या बहिणीचा मुलगा शेजारच्या एका नगरपालिकेत बांधकाम परवानगीचं काम पाहायचा. वडील लवकर गेले होते, आणि डिप्लोमाची फी जिभाऊंनी रिंगा वाकवून भरली होती. कुणी ओळख विचारली की जिभाऊ म्हणत, “हाऊ मन्हा भासा शे.” कचेरीत त्याला सगळे साहेब म्हणायचे. मामाने कधी म्हटलं नाही.

हा भाचा प्रामाणिक होता. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत अधिकारी लाचखाऊ निघाला की वाचकाचं काम सोपं होतं. तो कुणाचा चहासुद्धा घेत नसे. साइटवर जायचा, खांबाची रुंदी मोजायचा, सळया मोजायचा, नकाशाशी ताडून पाहायचा, आणि बरोबर असेल तरच सही करायचा. पण ‘बरोबर’ म्हणजे काय, हे तो १९९८ साली शिकला होता. त्यानंतर त्याने ते पुन्हा विचारलं नव्हतं.

२४ मे २०१९ ला सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला आर्केडला आग लागली. सगळ्यात वर, गच्चीवर बांधलेल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत होते. तिथे जाणारा जिना लाकडी होता, तो जळाला. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. २२ जीव गेले. त्यानंतर सगळीकडे तपासण्या सुरू झाल्या. डिसेंबरात भाच्याच्या हाती कागद पडला : गांधीनगर, पाच दिवसांचं प्रशिक्षण. तो कुरकुरतच गेला. टेबलावर फायली साचल्या होत्या.

पहिले दोन दिवस आगीचे होते : जिने, दारं, धूर. तिसऱ्या दिवशी भूकंप आला. शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर एक फोटो लावला आणि काही न बोलता थांबल्या. २६ जानेवारी २००१, अहमदाबाद. भूजच्या भूकंपाचं केंद्र तिथून २०० किलोमीटरहून जास्त दूर होतं, तरी शहरात सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या. अनेकींच्या तळाशी पार्किंगसाठी मोकळी जागा होती, भिंती नव्हत्या, नुसते खांब. फोटोत तसाच एक खांब होता. काँक्रीटचा चुरा खाली सांडलेला, उभ्या सळया फुगून बाहेर आलेल्या, आणि रिंगा सुटलेल्या. एकही तुटली नव्हती. टोकं सरळ होऊन सगळ्या उघडल्या होत्या.

“रिंगेचं टोक काटकोनात वाकवलं,” बाई म्हणाल्या, “तर ते खांबाच्या बाहेरच्या थरात राहतं. जमीन हलली की पहिल्यांदा तोच थर गळून पडतो. मग टोकाला धरायला काही उरत नाही. तेच टोक १३५ अंशांत वाकवून खांबाच्या गाभ्यात घातलं, तर आतलं काँक्रीट त्याला दाबून धरतं. हे आयएस १३९२० या मानकात लिहिलेलं आहे. कधीपासून? १९९३.”

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. २००२ मध्ये आयएस १८९३ या मानकातला हा नकाशा बदलला, पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्या नकाशात सुरतही तिसऱ्याच पट्ट्यात होती. १३९२० ची नवी आवृत्ती २०१६ ला आली, ती या पट्ट्याला लागू झाली. खांबाची लहान बाजू पूर्वी २०० मिलिमीटर चालायची, या आवृत्तीने ती ३०० केली.

“नवं पुस्तक कुणी कुणी उघडून पाहिलंय?” बाईंनी विचारलं.

दोन हात वर गेले. भाच्याचा खालीच राहिला. २०१६ नंतर त्याने भिंतीत लपणारे नऊ इंची खांब, म्हणजे २३० मिलिमीटरचे, कितीतरी मंजूर केले होते. सळया मोजून, अगदी प्रामाणिकपणे. रिंगेचं टोक कुठल्या दिशेला आहे हे त्याने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. त्या रात्री वसतिगृहाच्या खाटेवर तो इमारती आठवत राहिला, आणि प्रत्येक इमारतीबरोबर तिथे राहायला आलेली माणसं आठवत गेली.

परतल्यावर घरी न जाता तो आधी नवागामला गेला. मामा गच्चीवर होते. त्याने झुबक्याजवळ उकिडवं बसून, काँक्रीटच्या वर बांधलेल्या दोन रिंगा पाहिल्या. दोन्हींची टोकं काटकोनात.

“मामा, हे चुकीचं आहे.”

जिभाऊ हसले. मग त्याचा चेहरा पाहून हसायचे थांबले. “तीस वर्षं वाकवतोय. एक तरी घर पडलं का?”

त्याने मोबाइलवर आकृती दाखवली, अंश सांगितले, कलम सांगितलं. जिभाऊंनी मोबाइल हातभर लांब धरला आणि परत केला. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मजुरी किलोवर मिळते. टोक जास्त वाकवायचं म्हणजे प्रत्येक रिंगेला दोन्ही टोकांनी जास्तीचा हिसका, आणि दिवसाला शेकडो रिंगा. शिवाय आत वळलेली टोकं सळयांवरून खाली सरकवताना अडतात. “तुझ्या पुस्तकवाल्याने कधी रिंग घातलीय का खांबात?”

भाचा गप्प बसला. मग त्याला आजोळचं खळं आठवलं. सुटीत गावी गेल्यावर आजोबा त्याच्याकडून कडब्याच्या पेंढ्या बांधून घेत. गवताला पीळ देऊन बंध करायचा, पेंढीभोवती आवळायचा. त्या बंधाला आळा म्हणतात. त्याने बांधलेल्या पेंढ्या गाडीत टाकताना सुटायच्या, आणि आजोबा त्या पुन्हा त्याच्याचकडून बांधून घ्यायचे.

“मामा, आळ्याचं शेपूट कुठे खोवायचं?”

“कुठे म्हणजे? आत.”

“बाहेर ठेवलं तर?”

“हिसका बसला की सुट—”

जिभाऊंचं वाक्य अर्धंच राहिलं. ते उठून झुबक्यापाशी आले, उकिडवे बसले आणि रिंगेच्या टोकावरून अंगठा फिरवत राहिले. बराच वेळ. खाली रिक्षांचे हॉर्न चालले होते. मामींनी जेवायला दोनदा हाक मारली.

“कधीचं आहे हे?” त्यांनी विचारलं.

“त्र्याण्णवचं.”

जिभाऊंनी बोटांवर मोजलं. “सव्वीस वर्षं. रोज या हातांनी वाकवतोय, आणि कुणी येऊन सांगितलं नाही. मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं रे.” मग हळूच म्हणाले, “तू तर सही करायचास. काय बघायचास तेव्हा?”

“सळया मोजायचो, मामा.”

या प्रश्नानंतर भाच्याला झोप लागली नसेल, असं मला वाटतं. नियम बदलतो तेव्हा त्याच्यामागे कुठेतरी ढिगारा असतो. तो पुस्तकात येतो, पुस्तक कचेरीच्या कपाटात येतं आणि कपाटाला कुलूप लागतं. कपाटापासून वाकवणाऱ्याच्या हातापर्यंत जेमतेम दोन मैलांची वाट असेल. ती चालून जाणं हे ज्यांचं काम, त्यांच्यापैकी कुणीच सव्वीस वर्षांत पाऊल उचललं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने आपल्या हद्दीतल्या एका साइटवर काम थांबवलं. उद्या काँक्रीट ओतायचं होतं. ठेकेदार नकाशा घेऊन आला. “साहेब, मंजुरीवर सही तुमचीच.”

“माझीच. चूकही माझीच. पण असे खांब मी भरू देणार नाही.”

लेखी आदेश निघाला. सळईकाम करणाऱ्या पोरांनी तो पाहिला आणि पुन्हा काटकोनातच रिंगा वाकवल्या, कारण हाताला तेवढंच ठाऊक होतं. तेव्हा भाच्याने मामाला फोन केला.

जिभाऊ सकाळीच आले. काखेत डिंडोलीच्या तबेल्यातून मागून आणलेली कडब्याची पेंढी होती. ती पोरांसमोर टाकून त्यांनी आळा सोडला, तिच्या दोन पेंढ्या केल्या आणि बांधल्या, एकीच्या आळ्याचं शेपूट बाहेर ठेवून, दुसरीच्या आत खोवून. मग एका पोराला म्हणाले, “हाण लाथ.” पहिली पेंढी विस्कटून गेली. दुसरी घरंगळत भिंतीपर्यंत गेली आणि तशीच पडून राहिली. पोरं हसली नाहीत. जिभाऊंनी वाकवायची चावी घेतली, सळई खुंट्यांमध्ये धरली आणि एक हिसका जास्त दिला. किती टोक सोडायचं? आठ मिलिमीटरच्या रिंगेला २०१६ ची आवृत्ती किमान ६५ मिलिमीटर सांगते. जिभाऊंनी स्वतःची बोटं लावून दाखवली : “चार बोटं. कमी नाही.” वर आणि खाली, जिथे खांब तुळईला भेटतो तिथे, रिंगा जवळजवळ घ्यायच्या, १०० मिलिमीटरपेक्षा लांब नाही, हेही त्यांनी हाताने मापून दाखवलं. भाचा पोरांमध्ये मागे उभा राहून पाहत होता. पाच दिवसांच्या वहीत त्याने जे लिहून आणलं होतं ते सगळं त्यात आलं होतं.

त्यानंतर महिन्यातून एका रविवारी तो सळईवाल्यांना, सेंटरिंगवाल्यांना, मुकादमांना बसवू लागला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा भत्ताही नव्हता. नवं काही निघालं की आधी तिथे वाचून दाखवायचं आणि त्यांच्या शंका लिहून घ्यायच्या. कधी दहा जण येत, कधी तीन.

फेब्रुवारीत जिभाऊंनी त्याला घरी बोलावलं. जेवण झालं. मामींनी फरशीचा नमुना दाखवला, फिकट हिरवा. मग जिभाऊ त्याला गच्चीवर घेऊन गेले. त्यांनी पायात चप्पल घातली नव्हती, सदरा मात्र धुतलेला होता.

“खालचे सहाही खांब मीच भरलेत,” ते म्हणाले. “आत काय आहे ते मला ठाऊक आहे. टोकं बाहेर आहेत. पुढच्या बाजूला दुकानाचं शटर, तिथे भिंत नाही.” ते थांबले. “बाहेरून जाकीट घालतात म्हणे खांबांना.”

“घालतात, मामा. खर्च विचारून आलोय मी.” त्याने आकडा सांगितला. तो या घराला पेलणारा नव्हता, दोघांनाही कळत होतं.

खाली अंगणात धाकटा मोटरसायकल पुसत होता. जिभाऊ त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी हात जोडल्यासारखे पुढे धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाच्याला तसं म्हटलं.

“साहेब, या घरावर मजला चढवायचा म्हटलं, तर तुम्ही सही कराल?”

भाच्याला मामाच्या डोळ्यांकडे पाहवेना. तो झुबक्याकडे पाहत राहिला.

“नाही, मामा.”

जिभाऊंनी मान हलवली. पाण्याच्या टाकीमागून लोखंड कापायची करवत काढली, पहिल्या झुबक्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “धर सळई. हलू देऊ नको.”