सव्वा किलोची भीती

अध्यात्मात भीतीला अजिबात स्थान नाही, असं माझं ठाम मत होतं. ठाम असण्याचं कारण उघड आहे. त्या दिवसांत माझी प्रकृती उत्तम होती, हिची प्रकृती उत्तम होती आणि पेन्शन वेळेवर येत होतं. अशा परिस्थितीत निर्भय व्हायला माणसाला फारसा खर्च येत नाही.

हे मत मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात रीतसर व्याख्यान देऊन मांडलं. श्रोते 22 होते, त्यांतले निम्मे जागे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे 26 गुण मोजले आहेत आणि त्यांत पहिलाच मान 'अभय' या गुणाला आहे, असं मी सांगितलं. आधी भीती टाका, मग देवाचं बोला! लहानपणी घरी येणाऱ्या त्या पोस्टकार्डांचीही मी यथेच्छ टिंगल केली. पत्र अकरा जणांना पाठवलंत तर धनलाभ, फाडलंत तर घरात आजार. हल्ली तेच पत्र मोबाइलवर येतं, एवढीच काय ती प्रगती. मग सत्यनारायणाच्या कथेकडे वळलो. प्रसाद घ्यायचा राहिला म्हणून नाव बुडवणारा देव, की हप्ता चुकला म्हणून भांडी उचलणारा सावकार? टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. नारळ घेऊन मी अत्यंत निर्भयपणे घरी आलो.

पुढच्याच आठवड्यात रात्री दोन वाजता हिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग हिंग झाला. तीन वाजता ती घामानं भिजली आणि बोलेनाशी झाली. आमचा मजला तिसरा. लिफ्ट बंद. (आमच्या लिफ्टचा स्वभावच विरक्त आहे.) मी जिन्यातून हाक मारली तसे खालून वॉचमन धावत आले. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. मामांनी हिला खुर्चीत बसवलं, पुढून त्यांनी उचललं, मागून मी. खरं म्हणजे मी नुसती पाठ धरली होती. वजन त्यांनीच पेललं. रिक्षाही त्यांनीच आणली.

अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना माझी सही मलाच ओळखू येईना. आत दिवा लागला, बाहेर बाकावर मी एकटा. आणि त्या बाकावर माझ्या तोंडून, अगदी स्पष्ट मराठीत, शब्द निघाले, "देवा, हिला वाचव. सत्यनारायण घालीन."

वाचकहो, त्या वेळी मला अभय आठवलं नाही. सोळावा अध्याय आठवला नाही. आठवला तो केळीच्या खुंटांतला चौरंग आणि आईच्या हातचा शिऱ्याचा वास.

ही वाचली. आठ दिवसांनी घरी आली, पंधराव्या दिवशी माझ्या चहाला नावं ठेवू लागली, म्हणजे पूर्ण बरी झाली. आणि मग माझी बुद्धीही हळूहळू शुद्धीवर आली. म्हटलं, वाचवलं ते सर्जननं. भीतीच्या भरात दिलेला शब्द कायद्यातसुद्धा धरत नाहीत. शिवाय 22 जणांनी माझं व्याख्यान ऐकलेलं, ते काय म्हणतील? मी बेत पुढं ढकलला. आधी म्हटलं, हिला नीट चालू-फिरू दे. मग म्हटलं, पावसाळा जाऊ दे. मग म्हटलं, नातीची परीक्षा होऊ दे.

याच सुमारास एका सकाळी मामा दारात आले. चपला जिन्यातच काढलेल्या. म्हणाले, "साहेब, पोरीची फी भरायचीय. दोन हजार कमी पडत्यात. पगार झाला की देतो." मी चेहरा शक्य तेवढा लांब केला आणि म्हणालो, "अहो मामा, तुमच्यापासून काय लपलंय? हॉस्पिटलात सगळं धुऊन निघालं बघा!" खरी गोष्ट अशी, की विम्याचे पैसे आदल्याच आठवड्यात जमा झाले होते. मामा म्हणाले, "हां, तेबी खरंच की. काकू बऱ्या झाल्या ना, बास." आणि गेले.

हे हिला कळलं नव्हतं. नवस मात्र कळला. झोपेत मी काय बोलतो, यावर माझा ताबा नाही. "कबूल केलंत ना? मग घाला," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात या सुरातल्या वाक्याला मला उत्तर सापडलेलं नाही.

गुरुजी आले. सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो तूप. सोवळं नेसून मी चौरंगापुढं बसलो आणि संघाच्या मंडळींकडं न बघता पळीनं पाणी सोडू लागलो. कथा सुरू झाली. लहानपणापासून ही कथा मी पन्नास वेळा तरी ऐकली असेन, पण ती नेहमी प्रसादाची वाट बघत ऐकलेली. या वेळी पाटावरून उठता येत नव्हतं, म्हणून पहिल्यांदा नीट ऐकली.

तिसऱ्या अध्यायात साधुवाणी भेटला. मूल व्हावं म्हणून व्रत कबूल करतो. मुलगी होते, तेव्हा म्हणतो, तिच्या लग्नात करू. लग्न होतं, तेव्हा विसरतो. मला नातीची परीक्षा आठवली आणि कानाची पाळी गरम झाली. चौथ्या अध्यायात हाच साधुवाणी धनानं भरलेली नाव घेऊन निघतो. दंडधारी संन्यासी विचारतो, नावेत काय आहे? तो म्हणतो, वेली आणि पानं. संन्यासी म्हणतो, तसंच होवो. शाप नाही, आदळआपट नाही. तुझंच बोलणं खरं होवो, एवढंच.

माझ्या हातातली पळी थांबली. गुरुजींना वाटलं, मंत्र विसरलो. मला 'धुऊन निघालं' हे शब्द ऐकू येत होते. कितीही सोयीचं असलं तरी आपलंच वाक्य खरं झालं तर काय, या विचारानं अंगावर काटा आला. ही भीती सावकाराची नव्हती. देव माझं काही नेईल, असं वाटत नव्हतं. मी काय होत चाललोय, ते दिसत होतं.

पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा येतो. रानात गवळी पूजा करत असतात. राजा गर्वानं तिकडं जात नाही, त्यांनी दिलेला प्रसाद तसाच टाकून निघतो. श्रावणात मामांनी मीटरच्या खोलीत सत्यनारायण घातला होता. द्रोणातून शिरा घेऊन वर आले, तर मी म्हणालो होतो, "मी हे मानत नाही." राजाला निदान गर्व आहे हे दिसत तरी होतं. माझ्या गर्वानं विवेकाची शाल पांघरली होती, तीही संघानं दिलेली.

रात्री मी गीता काढली. व्याख्यानात पहिला गुण सांगून मी पुस्तक मिटलं होतं. त्या यादीतला सव्विसावा, शेवटचा गुण आहे 'नातिमानिता', म्हणजे फार मोठेपणा न मिरवणं. पुढं आसुरी संपत्ती मोजताना दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा, अज्ञान ही सहा नावं येतात. चोरी नाही, खून नाही. मला वाटायचं, वाईट म्हणजे शिंगं असलेलं काहीतरी. ते तर आमच्याच दारात उभं राहून, लांब चेहरा करून, समजूतदारपणे बोललं होतं. आणि भिऊन देवाकडं येणाऱ्याचं काय? सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार आहेत, त्यांत संकटात सापडलेला 'आर्त' आहेच. ज्ञानी सगळ्यांत श्रेष्ठ खरा, पण चौघांनाही तिथं उदार म्हटलंय. म्हणजे भीतीनं आलेल्याला दार उघडं आहे. दाराशी आल्यावर भीती बाहेर ठेवायची असते, चपलांसारखी. मी चपला बाहेर ठेवल्या होत्या. पण अहंकार पायात घालूनच आत गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. दोन हजार पुढं केले आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोललो." हे वाक्य दीड मिनिटाचं नाही, पण तीन मजले उतरताना मी ते तीसएक वेळा म्हणून पाहिलं होतं. मामा गडबडले. म्हणाले, "फी भरली साहेब. सावकाराकडनं उचलले." मग थोडं थांबून म्हणाले, "त्येलाच देतो हे. व्याज वाचंल."

व्याज किती झालं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. तेवढी भीती अजून आहे, आणि ती राहावी असं मला वाटतं.

वर येऊन हिला सगळं सांगितलं. साधुवाणी, तुंगध्वज, सव्वीस गुण, माझा पश्चात्ताप. आवाज आपोआप व्याख्यानाचा झाला असावा. ती म्हणाली, "चांगलं केलंत. आता हे गावभर सांगत सुटू नका."

मी लगेच कबूल केलं, कुणालाही सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, ते कृपा करून हिला कळवू नका.