घ चा ध होऊ देऊ नका

प्रेरणा शहरात मिळते आणि खेड्यात फक्त फ्लेक्स मिळतो, हे मत हल्ली डिझाइनवरच्या परिसंवादांत कुणी ना कुणी मांडतंच. उपायही ठरलेला असतो: मोबाइलवर पिंटरेस्ट उघडा, जगभरचं समकालीन काम डोळ्यांखालून घाला, नजर आपोआप तयार होईल. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरच्या वतीने मला या मताशी भांडायचं आहे. चित्रं बघून नजर तयार होत नाही. आपल्यासमोरची अडचण कोणती, हे ज्याला कळतं त्याचीच नजर तयार होते.

आमच्या गावाचं नावच घ्या. त्यात एका अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार आहे आणि लगेच पुढच्या अक्षराच्या पायाशी दीर्घ ऊकार. ओळी जवळजवळ रचल्या की अनुस्वार वरच्या ओळीत घुसतो आणि ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. घ आणि ध यांत फरक तो केवढा? घ ची शिरोरेषा सलग जाते, ध ची डावीकडे तुटते. फ्लेक्सवर अक्षराला जाड काळी किनार दिली की ती फट बुजते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला घ कुठला नि ध कुठला ते कळत नाही. नाव जागेत मावत नाही म्हणून ते आडवं ताणलं, तर उभे दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते आणि सगळं अक्षर बेढब होतं. इंग्रजीसाठी केलेल्या हजार पोस्टरांत या अडचणीचं उत्तर सापडणार नाही, कारण ती अडचण त्या लिपीला नाहीच.

त्याहून खोल फरक लेखणीत आहे. तिरक्या छाटलेल्या बोरूने देवनागरी लिहिताना उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन अक्षरात नेमकं याच्या उलट घडतं. परदेशी फॉन्टचा डौल बघून भारावलेला तरुण मराठी अक्षरात भलत्याच ठिकाणी वजन टाकतो, ते असं. त्याला प्रेरणा भरपूर मिळालेली असते, फक्त अक्षराची ओळख कुणी करून दिलेली नसते.

ही ओळख कुठे होईल, असं कुणी विचारलं तर मी अंबाजोगाईचं नाव घेईन. संत दासोपंतांची (1551–1615) पासोडी तिथे आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिलं, ओव्या आणि आकृत्यांसह. पंचीकरण हा विषय मुळातच किचकट. प्रत्येक महाभूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चारांचा आठवा-आठवा भाग, असा तो हिशेब. पोथीच्या आडव्या, अरुंद पानांवर तो तुकड्यातुकड्यांत वाचावा लागतो. सलग कापडावर तोच विषय पसरून ठेवता येतो, एका नजरेत भाग आणि पूर्ण दोन्ही दिसतात. मजकुराने माध्यम निवडलं, ते असं. आजचा माहितीरेखाटनकार याहून वेगळं काय करतो?

यावर आक्षेप येतो की दासोपंत संत होते, त्यांना डिझाइनर म्हणणं म्हणजे आजचा शब्द मागे नेऊन चिकटवणं. हा आक्षेप मला मान्य नाही. गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला कागदाची सवय नव्हती असं कोण म्हणेल? तरी या एका विषयासाठी त्यांनी कापड घेतलं. वाचणाऱ्याला समजावं म्हणून मांडणी बदलणं यालाच मी डिझाइन म्हणतो. त्यामागे भक्ती होती म्हणून त्यातली बुद्धी कमी होत नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर ही वारशाची आरती होईल, आणि प्रतिपक्षाचं एक म्हणणं इथे स्वीकारावं लागतं: समकालीन काम पाहिलंच पाहिजे. दासोपंत स्वतः त्यांच्या काळात प्रयोग करत होते. त्यांची नुसती पूजा करणारा त्यांच्याकडून काहीच घेत नाही. र. कृ. जोशी (1936–2008) यांचं सुलेखन बोरूपाशी थांबलं नाही. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या या माणसाने विंडोजसाठी मंगल फॉन्ट घडवला आणि देवनागरी लाखो संगणकांवर पोचली. सुलेखनकार अच्युत पालव मोडीच्या अभ्यासातून मुक्तलिपीपर्यंत गेले. एक टाइप या मुंबईच्या गटाचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. यांच्याकडून वळणं उचलू नयेत. अक्षराला त्यांनी कोणता प्रश्न विचारला, तो उचलावा.

तो प्रश्न घाटनांदूरच्या फ्लेक्सच्या दुकानातही विचारता येतो. तिथल्या मुलाला सौंदर्यदृष्टी नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे जुन्या संकेतप्रणालीचे फॉन्ट आहेत, मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की अक्षरांचा खिचडा होतो, आणि वाढदिवसाचा बॅनर संध्याकाळपर्यंत टांगायचा असतो. त्याला उपदेश पुरेसा झाला. त्याला युनिकोडचे चांगले फॉन्ट, पाकळीचा ल आणि देठाचा श, आणि कामासाठी एक दिवस जास्त हवा. राज्य शासनाने 2009 साली शासन निर्णय काढून मराठी अक्षरांची रूपं ठरवून दिली. ती दुकानातल्या संगणकापर्यंत नेणं हे डिझाइन शिकवणाऱ्यांचं काम आहे, आणि ते त्यांनी अजून पुरतं केलेलं नाही.

म्हणून दोन विनंत्या. कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांची पुढची सहल अंबाजोगाईला काढावी आणि परतताना एखाद्या फ्लेक्सवाल्याच्या शेजारी दिवसभर बसावं. आणि वाचकहो, लग्नाचा, जयंतीचा किंवा श्रद्धांजलीचा पुढचा बॅनर सांगाल तेव्हा अक्षर ताणू देऊ नका, ओळींत अंतर ठेवायला लावा, आणि छापण्याआधी गावाचं नाव रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचून बघा.