इसहाकाच्या विहिरी व पाण्याचा एडका



उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांतील इसहाकाचें वृत्त आपण बहुधा भांडणाची गोष्ट म्हणून वाचतों. आज तें उठवून लावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट म्हणून वाचावें, अशी आमची विनंती आहे. इसहाकानें गरारांत पेरणी केली व शंभरपट पीक घेतलें. तेव्हां पलिष्ट्यांस हेवा वाटला आणि अबीमलेखानें त्यास निघून जाण्यास सांगितलें. खोऱ्यांत आल्यावर त्यानें काय केलें? बापाच्या वेळच्या, मातीनें बुजविलेल्या विहिरी पुन्हा उकरल्या. पाणी नसेल तर जमिनीवर आलेला मनुष्य दुसऱ्या वर्षीं पुन्हा वाटेला लागतो, हें आपल्यापैकीं ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें चांगलें जाणतात.

फिलिपाईन्स देशांत नेग्रोस नांवाचें उसाचें बेट आहे. साखरेचे भाव कोसळले, तेव्हां १९८५ सालच्या सुमारास तेथील मळ्यांवरील मजुरांच्या घरीं उपासमार झाली. पुढें १९८९ सालीं सैन्य व बंडखोर यांच्या लढाईमुळें हजारों लोक डोंगरांतील घरें सोडून पळाले. अशा डोंगरी गांवांची अडचण एकच : शेत वर, ओढा खालीं दरींत. इंजिन आणावें तर तेलास पैसा कोठून आणावा? त्या बेटावरील ‘ऑल्टरनेटिव्ह इंडिजिनस डेव्हलपमेंट फाउंडेशन’ या संस्थेनें त्यांस हायड्रॉलिक रॅम, म्हणजे पाण्याचा एडका, बसवून दिला. २०११ सालीं या संस्थेस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

हें यंत्र नवें नव्हे. १७८३ सालीं भावासह उष्ण हवेचा फुगा आकाशांत चढविणारा फ्रान्सचा मोंगोल्फिये, त्यानेंच १७९६ सालीं हें सिद्ध केलें. ओढ्याचें पाणी नळांतून उताराने सोडतात. तें एका उघड्या झडपेंतून बाहेर वाहूं लागतें, वेग वाढतो आणि त्या वेगानेंच झडप धाडकन मिटते. धांवता एडका थोपविला तर टक्कर देतो. तसें तें अडलेलें पाणी दुसऱ्या झडपेस धडक देऊन हवेच्या कोठींत शिरतें व तेथून डोंगरावर चढतें. जोर ओसरतांच पहिली झडप उघडते, पुन्हा तेंच. रात्रंदिवस ठक्‌ ठक्‌ चालतें. तेल नको, वीज नको. नेग्रोसच्या कारागिरांनीं तर झडपेस दाराची बिजागरी लावली, म्हणजे मोडली तर गांवांतच दुरुस्त व्हावी.

दोन मीटर उतारावर वीस मीटर चढवावयाचें, तर दहा भागांतील एक भागही पुरा वर जात नाहीं. बाकीचें ओढ्यांतच परत जातें. कोणी म्हणेल, केवढी ही नासाडी! पण त्या नऊ भागांच्या पडण्यानेंच तो एक चढतो, आणि खालच्या गांवाचें पाणीही बुडत नाहीं. एसेक व सिटना येथील तंटा उठण्यास मग कारण उरत नाहीं.

मंडळींनीं दुष्काळांत धान्य वांटावें, तें योग्यच. तथापि गोणी रिकामी झाल्यावर त्या घराचें काय, हेंही धर्मसेवकानें विचारावें. आपल्या पठारावरील नाले फाल्गुनांत आटतात. तेथें हा एडका निरुपयोगी, हें स्पष्ट सांगतों. परंतु सह्याद्रीच्या कुशींत जेथें बारमाही झरा वाडीखालून वाहतो, तेथील बंधूंनीं येत्या वैशाखांत दोन गोष्टी मोजून ठेवाव्या : झऱ्याखालीं धरलेली घागर किती वेळांत भरते, आणि झऱ्यापासून खालीं किती हात उतार मिळतो.