कानातून शिरलेली खाज

वारीतल्या एका मुक्कामाची गोष्ट. रात्री राहुटीत कुणी म्हणाले, "त्या बाबांच्या घोंगडीत पिसवा आहेत." झाले! जो तो अंग खाजवू लागला. आम्हीही खाजविले, खोटे कशाला बोला! बाबा मुकाट्याने घोंगडी उचलून बाहेर जाऊन निजले. सकाळी उन्हात झटकून पाहिली, तो पिसू एकही नाही.

मग आमची खाज खोटी का? नव्हे, खाज खरीच. जर्मनीतल्या गीसेनच्या डॉक्टरांनी खाजेवर व्याख्यान ठेविले व त्याची हकीकत २००० साली प्रसिद्ध केली. आधी पिसवा-किड्यांची चित्रे दाखविली, मग बाळाच्या मऊ कातडीची. पहिल्या चित्रांच्या वेळी श्रोते अधिक खाजवीत होते, हे कॅमेऱ्याने टिपले. चित्रातली पिसू काही अंगावर येत नाही! पण चित्त कातडीवर पहारा करू लागले, की एरवी न जाणवणारी चुणचुणही खाज होऊन बसते.

नामाचे बळ आपण मानतो. मग निंदेच्या शब्दाचे बळ कसे विसरलो?

मात्र 'मनाचे खेळ' म्हणून कुणाला उडवूनही लावू नये. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, घरच्यांनाही सुटते, तेव्हा ती खरूज असू शकते. डॉक्टरांना दाखवावे, औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते.

आम्ही बाबांच्या पाया पडलो. तेही आमच्या पाया पडले आणि म्हणाले, "माउली, रात्री पाऊस आला नाही, तेवढे बरे झाले."