सरपण कोणाचें?

युरोपांतील कांहीं नगरांनीं आपल्या शाळा, कचेऱ्या व रुग्णालयें तेलावर न तापवितां आसपासच्या रानांतील लांकडावर तापविण्याचा उद्योग चालविला आहे. स्वीडनमधील वेक्शो या नगरानें 1980 पासून तेल सोडून लांकडाच्या तुकड्यांची कास धरली, आणि 1996 सालीं तेथील नगरसभेनें खनिज इंधनाचा संपूर्ण त्याग करण्याचा ठराव केला. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहतां निरुत्तर करणारा आहे. तेल परमुलखांतून यावयाचें व पैसा परमुलखांत जावयाचा. लांकूड शेजारीं वाढतें, त्याचें मोल गांवांतच राहतें, आणि तोडलेल्या झाडाच्या जागीं उगवणारें दुसरें झाड धुराबरोबर गेलेला कार्बन कालांतरानें परत घेतें. स्वदेशीच्या संस्कारांत वाढलेल्या आम्हां मराठी वाचकांस तर हें पटावयास वेळच लागत नाहीं.

हाच न्याय आम्ही हिमायतनगरास लावून पाहिला. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हें तालुक्याचें गांव. जुनें नांव वाढोणा. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस किनवटचें सागवानी रान. तेथें वैशाखांत कचेरीचा पत्रा चुलीवांचूनच इतका तापतो कीं इमारत तापविण्याचा प्रश्न हास्यास्पद वाटावा! पण सार्वजनिक उष्णता तेथेंही लागतेच. शाळेंतील मुलांचा भात शिजावा लागतो, या भागांतील आश्रमशाळांत पौषाच्या थंडींत स्नानाचें पाणी तापवावें लागतें. ही उष्णता सिलिंडरांतून यावी कीं रानांतून?

गॅसवर बोट ठेवणें सोपें आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, व त्यांतला बहुतेक आखाताकडून. तिकडे युद्धाची ठिणगी पडली कीं इकडे शाळेच्या चुलीला धास्ती. तरीपण 2006 सालच्या मध्यान्ह-भोजनाच्या केंद्रीय सूचनांत जळाऊ लांकूड टाळावें असेंच सुचविलें होतें, आणि त्यांतील शहाणपण हिशेबानेंही कळतें. एक किलो गॅसमध्यें सुमारें तीन किलो वाळल्या लांकडाची उष्णता असते. शिवाय तीन दगडांच्या चुलींत लांकडाची बहुतेक उष्णता भांड्याला न लागतां वाऱ्यावर जाते. म्हणजे त्या एका किलोच्या जागीं दहाबारा किलो लांकूड तरी जाळावें लागणार. ओलें असेल तर त्याहून अधिक. त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातींत जाणार तो वेगळाच.

परंतु धुरापेक्षांही एक अवघड गोष्ट आहे, आणि ती युरोपच्या उदाहरणांत सहसा येत नाहीं. तिकडे जाळावयाचें लांकूड पुष्कळसें मालकीच्या रानांतलें व लांकूडगिरण्यांतील टाकाऊ असतें. तें जाळल्यानें कोणाची चूल विझत नाहीं. येथें रानाच्या कडेवरून डोक्यावर मोळी घेऊन चार कोस चालणारी बाई आहे. उज्ज्वला योजना 2016 सालीं सुरू झाली, घरोघर शेगड्या गेल्या. पण दुसरें सिलिंडर घेण्यास पैसे नसले कीं ती पुनः रानाचीच वाट धरते. तिला दुसरा पर्याय नाहीं. शाळेला व कचेरीला आहे. सरकारी संस्था सरपणाच्या बाजारांत उतरली, तर दोघींपैकीं खरेदीची ताकद कोणाजवळ आहे हें सांगावयास नको. ज्याला आपण मोठ्या अभिमानानें ‘स्थानिक इंधन’ म्हणूं तें तिच्या डोक्यावरून उतरविलेलें असेल.

म्हणून ‘जवळचें तें आपलें’ या न्यायास आम्ही मान्यता देत नाहीं. जवळच्या वस्तूवर आधीं कोणाचा तरी हक्क असतो. दूरच्या तेलाप्रमाणें तो पैसे टाकून विसरतां येत नाहीं. जवळचेपणाचा एकच निर्विवाद गुण आम्हांस दिसतो: आपण कोणाचें काय घेतों तें डोळ्यांपुढें घडतें. पाहणाऱ्यानें डोळे मिटले तर तोही गुण निष्फळ.

मग या तालुक्यापुरतें काय करावें? आमचें मत पऱ्हाट्यांकडे झुकतें. कापसाचा हंगाम आटोपला कीं शेतांत उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या बोंडअळीच्या भीतीनें काढाव्या लागतात आणि पुष्कळदां बांधावर तशाच पेटवून दिल्या जातात. तुरीच्या तुराट्यांचीही थोडीफार हीच गत. सागाला वाढावयास पिढी लागते, पऱ्हाटी वर्षाच्या आंत पुनः उभी राहते. हवेचें देणेंही तितक्याच लवकर फिटतें. ती भरभर जळते, चुलीपुढें कोणाला तरी सारखें बसावें लागतें, तेव्हां बंदिस्त शेगडी व वर धुरांडें असल्याखेरीज शाळेनें तिच्या वाटेस जाऊं नये. तोंवर गॅस बरा. आणि येथेंही आधीं विचारावें लागेलच. मजुरांच्या घरीं तुराट्यांचे कूड असतात, शेत निघाल्यावर दोन भारे घरीं नेण्याची त्यांची चाल जुनी आहे. ते भारे उचलले गेल्यावर बांधावर जें उरेल त्याचाच भाव शाळेनें शेतकऱ्याला विचारावा, आणि तोही रोख देऊन.